कोरा कागद आणि अडलेला हात: डिझायनर मंडळींकडून वर्गात काय आणता येईल?



चित्रकलेच्या किंवा कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येक वर्गात दोन-चार मुलं अशी असतात, की तास संपत आला तरी त्यांचा कागद कोराच असतो. अगदीच कोरा नाही म्हणा! पट्टीने चारही बाजूंनी सुबक चौकट आखलेली असते. कोपऱ्यात नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक असतो. पेन्सिलीला तीनदा टोक करून झालेलं असतं, खोडरबर शेजारच्याकडून मागून आणलेला असतो. मधली जागा मात्र तशीच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाई, मला चित्र येत नाही." नाहीतर, "काही सुचतच नाही."

आपण पटकन म्हणून जातो, की पोरगं आळशी आहे, टंगळमंगळ करतंय. पण आळशी मूल अर्धा तास चौकट आखत बसत नाही. ते मूल घाबरलेलं असतं. चौकट आखणं हे सुरक्षित काम, त्यात चुकायला जागा नाही. चौकटीच्या आत काय करायचं, तिथे खरी भीती असते.

गंमत म्हणजे ही भीती फक्त चौथीतल्या मुलाची नाही. ज्यांचं पोटच नवीन काही सुचण्यावर चालतं, त्या डिझायनर लोकांनाही ती वाटते. जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठं, बोधचिन्हं, फर्निचर, कपडे, अक्षरं तयार करणारी ही माणसं. त्यांनाही कोऱ्या कागदासमोर बसल्यावर डोकं बंद पडल्याचा अनुभव येतो. फरक इतकाच, की उद्या काम द्यायचं असल्यामुळे त्यांना अडून बसणं परवडत नाही. म्हणून त्यांनी या भीतीतून बाहेर पडायच्या काही साध्या पद्धती शोधून काढल्या आहेत. आजच्या लेखात त्या पद्धती समजून घेऊ आणि आपल्या वर्गात, घरात त्या कशा वापरता येतील ते पाहू.

डिझाइन म्हणजे नेमकं काय?

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे डिझाइन म्हटलं की नक्षी डोळ्यासमोर येते. साडीचं डिझाइन, मेंदीचं डिझाइन. शासकीय रेखाकला परीक्षेत 'संकल्पचित्र' हा विषय असतो, त्यातही बरीच मुलं फुलं-पानं-वेली पाठ करून जातात. पण डिझाइनचा खरा अर्थ आहे कोणाची तरी गरज ओळखून तिच्यासाठी विचारपूर्वक रचना करणं. पाणी पिण्याच्या टाकीला नळ किती उंचीवर असावा, हेही डिझाइन. वर्गाचं वेळापत्रक कागदावर कसं मांडावं म्हणजे पहिलीच्या मुलालाही कळेल, हेही डिझाइन.

हा फरक मुलांना समजला की अर्धी भीती तिथेच कमी होते. कारण प्रश्न बदलतो. "माझं चित्र सुंदर दिसेल का?" या प्रश्नाचा रोख स्वतःकडे असतो, त्यामुळे हात थरथरतो. "हे कोणासाठी आहे आणि त्याला काय हवंय?" या प्रश्नाचा रोख दुसऱ्याकडे असतो. दुसऱ्याचा विचार करताना मूल स्वतःला विसरतं आणि कामाला लागतं.

भीती कुठून येते?

पहिलीतल्या मुलाला कधी "मला चित्र येत नाही" म्हणताना ऐकलंय का? फार क्वचित. ते रेघोट्या मारतं आणि "हा बघा हत्ती" असं छातीठोकपणे सांगतं. मग तिसरी-चौथीपर्यंत असं काय होतं? मला चार कारणं दिसतात.

१) वय: व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलाचं प्रत्येक गोष्टीचं एक ठरलेलं चिन्ह असतं. घर असं, झाड असं, माणूस असा. साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान मुलाला चित्र 'खऱ्यासारखं' हवं असतं. डोळा पुढे जातो, हात मागे राहतो. आपलं चित्र खऱ्यासारखं नाही हे आता त्यालाच दिसू लागतं! म्हणजे "मला येत नाही" हे वाक्य एका अर्थी त्याची नजर वाढल्याची खूण आहे. पण नेमक्या याच वेळी आधार मिळाला नाही, तर बरीच मुलं पेन्सिल खाली ठेवतात ती कायमचीच. आपल्यातल्या कितीतरी मोठ्या माणसांचं चित्र आजही चौथीतल्या चित्रासारखंच असतं, त्याचं कारण हेच.

२) पाहणारे डोळे: "हा काय कुत्रा आहे? मांजर वाटतंय!" आणि सगळा वर्ग हसतो. एवढं पुरतं. पुढच्या वेळी ते मूल कागदावर हात ठेवून, लपवून काढतं आणि नंतर काढतच नाही.

३) तयार चित्रांशी तुलना: पूर्वी शेजारच्या बाकावरच्या मुलाशी तुलना व्हायची. आता मोबाइलवर बोट फिरवलं की शंभर गुळगुळीत चित्रं समोर येतात. कुणीतरी वर्षानुवर्षं सराव करून केलेल्या कामाशी मूल आपली पहिली रेघ ताडून पाहतं. यात हरणारच ना!

४) कागद वाया जाण्याची धास्ती: हे कारण आपण विसरतो. चित्रकलेची वही महाग असते, आईने बजावलेलं असतं, "पानं फाडायची नाहीत." ज्या घरात वही वर्षातून एकदाच येते, तिथे प्रत्येक पान अखेरचं असल्यासारखं वाटतं. अशा पानावर कोण धाडस करेल?

बक्षिसाची गोष्ट

यावर काहीजण म्हणतील, बक्षीस ठेवा, मुलं आपोआप काढायला लागतील. याबद्दल १९७३ सालचा एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर तो केला. चित्रं काढायला आधीपासूनच आवडणारी मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर छानसं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात स्केचपेन नुसती समोर ठेवली आणि कोण किती वेळ चित्र काढतं ते पाहिलं. पहिला गट, म्हणजे बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढणारा गट, बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांशी रमला.

जे काम मूल आनंदाने करत होतं, ते बक्षिसासाठीचं काम झालं. बक्षीस गेलं तसा रसही आटला. मग स्पर्धा घ्यायच्याच नाहीत का? तसं नाही. पण नव्या कल्पनेचा तास आणि स्पर्धेचा तास एकच असू नये. जिथे मुलाने धडपडायचं आहे, तिथे पहिला-दुसरा-तिसरा नंबर नको.

घाबरणं वेगळं, अडणं वेगळं

इथे एक बारीक फरक लक्षात घेऊ. भीती वाटणं आणि काही न सुचणं या गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत कागद कोराच असतो. पण उपाय वेगळे आहेत.

घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात कल्पना असते, ती कागदावर उतरवायची हिंमत नसते. त्याला एकट्याला हळूच विचारा, "तुझ्या मनात काय होतं?" ते सांगेल. अशा मुलाला धीर हवा आणि चुकायला स्वस्त कागद हवा.

अडलेल्या मुलाच्या डोक्यात खरंच काही नसतं. त्याला धीर देऊन उपयोग नाही. त्याला पाहायला, हाताळायला, विचारायला काहीतरी द्यावं लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'पावसाळा' हा विषय देऊन आपण बसवतो, पण त्या मुलाने पावसाकडे शेवटचं नीट पाहिलं कधी? दहा मिनिटं खिडकीशी उभं करा. पत्र्यावरून पाणी कसं पडतं, छत्रीच्या काड्या किती असतात, चिखलात चपलेचा ठसा कसा उमटतो हे पाहू द्या. मग विषय द्या.

तिसराही एक प्रकार असतो. मूल एका कल्पनेवरच अडकून बसतं. पर्यावरण म्हटलं की रडणारी पृथ्वी, स्वच्छता म्हटलं की झाडू. अशा मुलाला वाट बदलून द्यावी लागते. तिचे उपाय खाली दिले आहेत.

लोट्याचा धडा

आता एक सुंदर उदाहरण. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं आपल्या देशात फिरलं आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल लिहिला. त्याच्या आधारे पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? आपल्या साध्या लोट्याचं!

त्यांचं म्हणणं असं, की हा लोटा कुणा एका हुशार माणसाने एका बैठकीत तयार केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य माणसांनी तो वापरत, थोडाथोडा बदलत आजच्या रूपाला आणला. मग ते विचारतात, की लोटा नव्याने घडवायचा झाला तर कोणकोणते प्रश्न पडतील? त्यात पाणी किती मावायला हवं? उचलणारा हात केवढा? तो डोक्यावर नेणार, कमरेवर की हातात? भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील? ओतताना धार कशी पडेल? आतून घासता येईल का? धातू कोणता, किंमत किती? हाताला स्पर्श कसा वाटेल? अशी मोठी यादीच त्यांनी दिली आहे.

भीती घालवायला यात दोन गोष्टी आहेत. पहिली, उत्तम वस्तू एका झटक्यात तयार होत नाही, मग माझीच पहिली रेघ अचूक का यावी? दुसरी, 'सुचत नाही' तेव्हा उत्तर शोधत बसू नका, प्रश्न लिहा. उत्तर सुचायला प्रतिभा लागते असं वाटतं, प्रश्न मात्र कुणालाही पडतात.

हा धडा मी आमच्या वर्गात वापरला. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीचा नळ लहान मुलं उघडाच ठेवून जायची. चौथीच्या मुलांना सांगितलं, की यावर सूचनाफलक तयार करा. पण पहिला तास चित्र काढायचं नाही, फक्त टाकीजवळ उभं राहून पाहायचं आणि प्रश्न लिहायचे. वर म्हटलं तशी चौकट आखून बसणारी एक मुलगी माझ्याही वर्गात होती. तिच्या वहीत त्या दिवशी तीन प्रश्न होते. नळ सगळ्यात जास्त कोण उघडा ठेवतं? पहिलीची मुलं. त्यांना वाचता येतं का? अजून नाही. त्यांची नजर कुठपर्यंत पोचते? तिने पहिलीतल्या एकाला टाकीजवळ उभं करून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला खडूने खूण केली.

बाकीच्यांचे फलक मोठे, रंगीत, 'पाणी हेच जीवन' लिहिलेले आणि भिंतीवर उंच लावलेले. हिचा फलक वहीच्या पानाएवढा, एकही शब्द नसलेला. डावीकडे उघडा नळ आणि रडका चेहरा, उजवीकडे बंद नळ आणि हसरा चेहरा. लावला तो खडूच्या खुणेवर, अगदी खाली. पहिलीची पोरं त्या चेहऱ्यांना बोट लावून बघायची आणि नळ फिरवायची. चेहरे म्हणजे गोल, दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ. त्याला कसलं आलंय चित्र! पण डिझाइन म्हणून ते वर्गातलं सर्वांत विचारी काम होतं, आणि हे मी सगळ्यांसमोर कारणासह सांगितलं. त्यानंतर त्या मुलीने चौकट आखणं सोडलं असं नाही, अजूनही आखते. पण आता चौकटीच्या आत काहीतरी असतं.

आपल्या अंगणातली शिकवण

भीती कमी करायची युक्ती शोधायला फार लांब जायला नको. पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणारी आजी आठवा. सडा घातलेलं अंगण म्हणजेही कोरा कागदच. पण ती घाबरत नाही. का बरं?

एक तर ती थेट चित्राला हात घालत नाही, आधी ठिपके मांडते. ठिपके मांडताना डोकं चालवावं लागत नाही, हात मात्र सुरू होतो. एकदा हात चालू लागला की पुढचं सुचतं. दुसरं, ठिपके ही मर्यादा आहे. इतक्याच ठिपक्यांत बसवायचं म्हटल्यावर 'काहीही काढ' हे ओझं उतरतं. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, उद्या सकाळी हे पुसलं जाणार आहे हे तिला माहीत असतं! चुकली तर चुकली, उद्या नवी. आपल्या जुन्या पाटी-पेन्सिलीचंही हेच बळ होतं. पाटीवर चुकायला मूल घाबरत नाही, वहीवर घाबरतं.

वारली चित्रकलेचंही तसंच. दोन त्रिकोण जोडले की माणसाचं धड, एक गोल म्हणजे डोकं, काही रेघा म्हणजे हातपाय. गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढंच साहित्य. पण एवढ्यावरच जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताने ही कला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साधन कमी असलं की सुचणं कमी होतं, हा आपला गैरसमज आहे. उलट फार पर्याय समोर असले की माणूस गांगरतो.

रुपयाच्या चिन्हाचंही असंच. २०१० मध्ये भारत सरकारने स्वीकारलेलं ₹ हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी तयार केलं. त्या वेळी ते मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात होते. देशभरातून तीन हजारांवर चिन्हं आली होती. निवडलेल्या चिन्हात काय आहे? देवनागरी 'र', उभ्या दांडीशिवायचा रोमन 'आर' आणि वर आपली ओळखीची शिरोरेषा. म्हणजे सगळं ओळखीचंच, जुळवणी नवी. मुलांना हे जरूर सांगा. नवीन सुचणं म्हणजे शून्यातून काही आणणं नव्हे, ओळखीच्या दोन गोष्टी जवळ आणून ठेवणं.

वर्गात करून पाहण्याजोगे उपक्रम

१) आठ घरं, आठ कल्पना: एक पाठकोरा कागद तीनदा दुमडा. उघडला की आठ घरं दिसतील. प्रत्येक घरात एक मिनिट, एक कल्पना. आठ मिनिटांत आठ. डिझायनर मंडळींत ही पद्धत खूप वापरली जाते. वेळ इतका कमी असतो, की चांगलं-वाईट ठरवायला सवडच मिळत नाही. पहिल्या दोन-तीन कल्पना सगळ्या वर्गाच्या सारख्याच येतात. खरी गंमत पाचव्या-सहाव्या घरापासून सुरू होते, कारण नेहमीचं सगळं संपलेलं असतं. रडणाऱ्या पृथ्वीवर अडकलेल्या मुलाला हा उपाय चांगला लागू पडतो.

२) आधी करा, मग निवडा: अॅलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरात व्यावसायिकाने गटात कल्पना काढण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिचा मुख्य नियम असा, की कल्पना निघत असताना टीका करायची नाही. कल्पना काढणं आणि पारखणं ही दोन कामं आहेत. एकाच वेळी केली तर एक पाय गाडीच्या वेगावर आणि दुसरा ब्रेकवर, असं होतं. वर्गात फळ्यावर लिहा: 'आता काढायची वेळ' आणि नंतर 'आता निवडायची वेळ'. पहिल्या वेळेत खोडरबर दप्तरात!

३) चिठ्ठ्यांचा डबा: ब्रायन ईनो हा संगीतकार आणि पीटर श्मिट हा चित्रकार, या दोघांनी १९७५ साली पत्त्यांचा एक संच काढला. काम अडलं की एक पत्ता ओढायचा आणि त्यावरची सूचना पाळायची. आपण रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकू शकतो. 'कागद उलटा धरून बघ', 'फक्त एकच रंग वापर', 'मुंगीला हे कसं दिसेल?', 'आजीला समजेल असं कर', 'सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत लहान कर'. चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घ्या, आणखी मजा येते.

४) मुद्दाम वाईट काढा: "आज सगळ्यांनी जमेल तितकं वाईट पोस्टर करायचं. अक्षर वाचता येता कामा नये, रंग डोळ्यांना खुपले पाहिजेत." वर्ग खदखदून हसतो, हात सैल होतात. मग प्रत्येकाला विचारा, हे वाईट का आहे? उत्तरं लिहीत गेलात की चांगल्या पोस्टरचे नियम आपोआप तयार होतात. घाबरलेल्या मुलाला हा उपक्रम फार मानवतो, कारण इथे चुकणंच बरोबर असतं.

५) एक दिवस झाकून ठेवा: ग्रॅहम वॉलस या अभ्यासकाने १९२६ मध्ये नवनिर्मितीचे चार टप्पे सांगितले. तयारी, मुरणं, सुचणं आणि तपासणं. यातला 'मुरणं' हा टप्पा आपण शाळेत देतच नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात विषय द्यायचा, सुचायचं आणि रंगवूनही व्हायचं! लोणचं घातल्या दिवशी कोणी वाढतं का? सोमवारी विषय द्या आणि कच्ची रेखाटनं करून घ्या. बुधवारी पक्कं काम करा. मधल्या दोन दिवसांत मूल खेळताना, जेवताना त्यावर नकळत विचार करतं. फक्त लक्षात ठेवा, आधी तयारी झालेली असेल तरच काही मुरतं. रिकामी बरणी झाकून ठेवून लोणचं होत नाही.

६) कच्च्या कामाची भिंत: वर्गात फक्त पूर्ण, सुबक चित्रं लावली की मुलांना वाटतं, इतरांना एका दमात जमतं. एक कोपरा कच्च्या कामासाठी ठेवा. खाडाखोड, फसलेली रेखाटनं, त्याशेजारी शेवटचं काम. वर्णनात्मक नोंद करतानाही शेवटच्या चित्राबरोबर किती वेगळे प्रयत्न केले, कोणते प्रश्न विचारले याची नोंद घ्या.

पालकांसाठी चार शब्द

रात्री दहा वाजता "आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय" असं वाक्य कानावर पडतं, हे मी जाणते. मग आई कापते, बाबा चिकटवतात, उरलेलं प्रिंट काढून आणतात आणि मूल झोपी जातं. प्रकल्प देखणा होतो. पण मुलाला त्यातून कळतं काय? 'मी केलेलं चालत नाही.' पुढच्या वेळी कागद कोरा राहण्याची सोय आपणच करून ठेवतो.

मदत जरूर करा, पण हाताने नाही, प्रश्नांनी करा. हे कोण बघणार आहे? त्याला आधी काय दिसायला हवं? अजून एका प्रकारे करता येईल का? आणि घरात पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा ठेवा. जुन्या कॅलेंडरची पानं, झेरॉक्सचे फुकट गेलेले कागद, लग्नपत्रिकांची कोरी बाजू. फुकटच्या कागदावर चुकायला भीती वाटत नाही. तो गठ्ठा महागड्या रंगपेटीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आपली वाक्यं बदलूया

मुलाचा धीर वाढतो किंवा खचतो तो आपल्या एका वाक्यानेही. म्हणून:

"काय काढलंयस हे?" ऐवजी "मला याबद्दल सांग ना."

"वा, किती छान!" एवढ्यावरच न थांबता "नळाचा रंग वेगळा दिलास, त्यामुळे लगेच दिसतो." म्हणजे नेमकं काय जमलं ते सांगायचं. नुसत्या 'छान'ने पुढचं चित्रही 'छान'च यायला हवं असं ओझं होतं.

"त्याचं बघ कसं सुंदर आलंय!" हे वाक्य तर कायमचं बंद. त्याऐवजी "तुझ्या पहिल्या रेखाटनात आणि यात काय बदललं?"

"सोपं तर आहे!" असंही म्हणू नका. सोपं असून जमलं नाही, याची लाज जास्त वाटते. "अवघड आहे, पण सुरुवात इथून करता येईल" हे खरं आणि धीराचं.

आणि आपली स्वतःची भीती?

शेवटी आपल्याबद्दल. "माझं ड्रॉइंग चांगलं नाही" असं म्हणत फलकलेखन एखाद्या 'कलाकार' सहकाऱ्यावर सोपवणारे शिक्षक प्रत्येक शाळेत असतात. शैक्षणिक साहित्य करायचं म्हटलं की आपणही आधी मोबाइलमध्ये तयार नमुना शोधतो. मुलं हे पाहत असतात.

फळ्यावर मुलांसमोर चित्र काढा. वाकडं आलं तर पुसा, पुन्हा काढा, मुलांनाच विचारा "गाईचे पाय इथे बरोबर वाटतात का?" मोठं माणूस चुकतं, हसतं, दुरुस्त करतं आणि त्याला काही होत नाही, हे डोळ्यांनी पाहणं मुलासाठी दहा उपदेशांहून मोठं आहे. फळा तर पुसण्यासाठीच असतो!

समारोप

हे सगळं कशासाठी? आपल्या वर्गातलं प्रत्येक मूल डिझायनर होणार नाही, व्हायलाही नको. पण कोऱ्या कागदासमोर सुरुवात करण्याची हिंमत सगळीकडे लागते. निबंधाची पहिली ओळ, शाब्दिक उदाहरणाची पहिली पायरी, उद्या नोकरीसाठी लिहायचा अर्ज, शेतात करून बघायचं नवं पीक, सगळीकडे 'मला येत नाही' हेच वाक्य आडवं येतं. तिसरी-चौथीच्या वयात ते एकदा पक्कं झालं की मग काढायला फार कठीण जातं. म्हणून ते याच वयात, चित्रकलेच्या तासाला, पाठकोऱ्या कागदावर सैल करायचं.

या आठवड्यात एकच गोष्ट करून पहा. एक कागद, तीन घड्या, आठ मिनिटं. स्वतःही मुलांबरोबर बसा. सहाव्या घरात काय येतं ते बघा.